जावईबापूंची लिफ्ट

माझे जावई लिफ्टचे मेकॅनिक आहेत आणि सहा मजले जिन्याने चढतात. हे कुणाला सांगितलं की लोक हसतात, त्यांना वाटतं म्हातारी थट्टा करतेय. थट्टा करायला मला आवडतं, नाही असं नाही, पण या बाबतीत मला पदरचं काही घालावं लागत नाही. दुसऱ्या कुणी दुरुस्त केलेल्या लिफ्टमध्ये हे गृहस्थ खुशाल उभे राहतात, जागा मिळाली तर डुलकीही काढतील. पण जिला स्वतःचा हात लागलाय, त्या लिफ्टमध्ये पाऊल टाकायचं म्हटलं की यांच्या तोंडचं पाणी पळतं. चाचणीच्या वेळी कामावरच्या जोडीदाराला आत पाठवतात आणि आपण बाहेर उभे राहून प्रार्थना करतात. जोडीदारालाही बायकापोरं आहेत, पण ते असो.

कामावर त्यांना 'परतबघ' म्हणतात. नट आवळला, परत बघ. पेटी बंद केली, उघडून परत बघ. घरीही तीच तऱ्हा. बाहेर पडताना दार ओढून घ्यायचं, चार पायऱ्या उतरायच्या, मग वर येऊन दार पुन्हा ओढून बघायचं. मी आत बसलेलीच असते. चोर आलाच तर माझी जीभ त्याला पुरेल, पण यांचं समाधान होत नाही. लग्नात पाळकसाहेबांनी विचारलं तेव्हा 'हो' म्हणाले, अंगठी घातली, आणि मग हळूच माझ्या मुलीला विचारलं, मी नीट म्हटलं ना? मी पहिल्याच बाकावर होते, सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

याचं मूळ त्यांच्या वडिलांत आहे. ते घड्याळजी होते. हात नाजूक कामाचा, जीभ मात्र जाडीभरडी. जावईबापू लहान असताना एकदा दुकानातलं घड्याळ उघडून बसले आणि ते काही परत जुळलं नाही. वडील म्हणाले, तुझ्या हाताला यश नाही. संपलं. वडील गेले, दुकानही गेलं, पण ते वाक्य या माणसाने इतकी वर्षं जपून ठेवलं. मला त्या व्याह्यांचा अजून राग येतो. वर गेल्यावर भेट होईलच, तेव्हा मी त्यांच्याशी दोन शब्द बोलणार आहे.

आम्ही ख्रिस्ती माणसं, जेवणाआधी आमच्याकडे प्रार्थना होते. माझ्या मुलीची दोन वाक्यांत आटपते, नातीची एका वाक्यात, आणि जावईबापूंची पाळी आली की ताटातलं गार होतं. प्रभू, आज त्या दवाखान्याच्या लिफ्टचा ब्रेक बसवला, डावीकडचा बोल्ट घट्ट केलाय असं वाटतंय, तू लक्ष ठेव. मग शाळेची लिफ्ट, मग हॉटेलची, मग गेल्या महिन्यात केलेली, जी कदाचित एव्हाना ढिली झाली असेल. प्रार्थना कसली, कामाचा अहवाल! मी एकदा म्हटलं, अहो, देव सर्वज्ञ आहे, बोल्ट डावा की उजवा हे त्याला ठाऊक असतं. तर म्हणाले, त्याला असेल, पण मला नाही ना, आई. मला हसू आलं आणि त्यांची दयाही आली.

गेल्या वर्षी मी न्हाणीघरात घसरले आणि खुब्याचं हाड मोडून घेतलं. दवाखान्यातून घरी आणलं तर इमारतीची लिफ्ट बंद. चौघांनी मला खुर्चीत बसवून सहा मजले वर चढवलं. जरा तिरकं करा, कठड्याला घासतंय, आता खाली टेकवा; हे सगळं माझ्याबद्दल चाललं होतं. मी काय कपाट आहे? वर पोचल्यावर मी जाहीर केलं की पुन्हा अशी खुर्चीतून मी जाणार नाही, मग मेले तरी बेहत्तर. चालायला मला वॉकर लागतो, जिना जमत नाही. म्हणजे मुक्काम वरच. दिवसभर खिडकीत बसायचं आणि खालून जाणाऱ्या पुरुषांची टकलं कशी वाढत चाललीत ते बघायचं.

त्यात नातीचं दृढीकरण ठरलं. दृढीकरण म्हणजे मंडळीपुढे उभं राहून मुलीने सांगायचं की मी तान्ही असताना आईबापांनी माझ्या वतीने जो विश्वास कबूल केला, तो आज मी माझ्या तोंडाने कबूल करते. ही पोरगी माझ्या मांडीवर हात जोडायला शिकली. तिने तिकडे 'हो' म्हणायचं आणि मी इकडे टकलं बघत बसायचं, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. मी रडले त्या विचाराने, खोटं कशाला बोलू.

आणि नेमकी तेव्हाच सोसायटीने लिफ्ट दुरुस्तीला काढली. कंपनीने माणूस कुठला पाठवला म्हणाल? आमचाच. जोडीदार रजेवर, म्हणजे सगळं काम एकट्या जावईबापूंच्या हातचं. दोर नवे आले, ब्रेक नवा आला, जाळीच्या दरवाजाला रंग दिला. सरकारी तपासनीस आला, आत बसून वरखाली फिरला आणि पास करून गेला. त्या संध्याकाळी सगळी इमारत खाली जमली. जावईबापूंनी दरवाजा उघडून दाखवला, आत दिवा लागतो ते दाखवलं, कठडा फडक्याने पुसला, दरवाजा लावला आणि जिना चढायला लागले.

झालं! आता तिच्यात बसतंय कोण? ज्याने केली तोच चढत नाही म्हटल्यावर तपासनिसाच्या शिक्क्याला कोण विचारतो? आमचे सेक्रेटरी चर्चच्या वडीलमंडळातही आहेत, विश्वास या विषयावर उभ्या उभ्या तासभर बोलतात. त्यांना एकाएकी आठवलं की डॉक्टरांनी जिना चढायला सांगितलाय. माझी स्वतःची मुलगी, या मेकॅनिकची लग्नाची बायको, म्हणाली की चपला नव्या आहेत, जिन्याने लवकर रुळतील. लिफ्ट दिवा लावून खाली रिकामी उभी.

मी जावईबापूंना बोलावून सांगितलं की रविवारी मी खाली जाणार, लिफ्टने जाणार, आणि तुम्ही माझ्याबरोबर आत असणार. ते पांढरेफटक पडले. दुसरा मेकॅनिक आणून एकदा तपासून घेतो म्हणाले. मी म्हटलं, दुसऱ्याने तपासली तर मी बसणारच नाही. हट्टाला मीही काही कमी नाही.

शनिवारी पाळकसाहेब आले, जावईबापूंची समजूत घालायला. सेक्रेटरींनीच पाठवलं असणार. साहेबांचा देह भरदार, सहा मजले चढून आले तेव्हा बोलण्याच्या स्थितीत नव्हते. दोन पेले पाणी झाल्यावर त्यांना वाचा फुटली आणि मग थांबेना. चिंता करणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं, भीती हे दुबळ्या श्रद्धेचं लक्षण, वगैरे. जावईबापू मान खाली घालून ऐकत होते, शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखे. निरोप देताना मात्र त्यांनी अगदी साध्या मनाने विचारलं, साहेब, तुम्ही लिफ्टने जाता का खाली? रविवारसाठी मी बटण दाबून मागवून ठेवलेली लिफ्ट आमच्याच मजल्यावर उभी होती. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि म्हणाले की नको, वाटेत तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना भेटायचंय. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई मुलाकडे राहायला जाऊन वर्ष झालं होतं.

जावईबापू दारात उभे राहून त्यांच्या बुटांचा आवाज खाली खाली जाताना ऐकत राहिले. मग हसायला लागले. मला वाटलं, गेलं डोकं कामातून. डोळे पुसत येऊन माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, आई, मला वाटायचं मंडळीत मी एकटाच अविश्वासू आहे.

तेव्हा माझा इतक्या वर्षांचा साठा बाहेर पडला.

"अविश्वासू तुम्ही नाही," मी म्हटलं. "तुमचा पत्ता चुकलाय. तुम्ही रोज प्रार्थना करता ती प्रभूला नाही, त्या घड्याळजींना करता. बघा, आज मोडलं नाही, आज मोडलं नाही, हेच रोज त्यांना सांगत बसता. आपला देव घड्याळं तपासायला बसलेला नाही. तुम्ही उद्या सगळ्या गावच्या लिफ्ट बंद पाडल्यात तरी तो तुम्हाला टाकणार नाही. एवढं साधं तुम्हाला कळत नसेल तर चर्चला कशाला जाता, बाकं गरम करायला?"

ते उठून खिडकीपाशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. मलाही वाटलं, जरा जास्तच झालं. गेलेल्या माणसावर इतकं बोलायला नको होतं, पण बोलून गेले होते.

जेवायला बसल्यावर त्यांची पाळी आली. मी सवयीने ताटावर झाकण ठेवलं. जावईबापूंनी डोळे मिटले आणि म्हणाले, "प्रभू, ही लिफ्ट मी केली आहे. तिच्यात चूक असेल. चूक निघाली तरी मी तुझाच आहे, हे आज मी धरून चालतो. आमेन."

मुलीने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, म्हणजे चूक आहे की नाही? आत बसायचंय मला. ते म्हणाले, माहीत नाही, आई, पण मी तुमच्याबरोबर असेन. आणि जेवायला लागले.

रविवारी नात लवकरच चर्चला गेली. मी ठेवणीतली साडी नेसून वॉकर घेऊन लिफ्टपाशी आले. जावईबापू कोट घालून आत शिरले. आधी दाराशी दोनदा अडखळले, मी बघितलं ना. पण शिरले आणि हात माझ्यापुढे धरला. मी आत गेले. मुलगी आणि सेक्रेटरी जिन्यावर उभे, आम्ही निघाल्यावर तेही बाजूने उतरायला लागले, जाळीतून आमच्यावर डोळा ठेवून. प्रेतयात्रेला निघाल्यासारखे चेहरे करून होते दोघं. पाचवा गेला, चौथा गेला. मी मनात म्हटलं, बघा, उगाच जीव खाल्ला सगळ्यांनी.

तिसऱ्याच्या खाली लिफ्ट खाडकन थांबली.

मुलगी आई-आई करायला लागली. सेक्रेटरींनी जिन्यावरच डोळे मिटून प्रार्थना सुरू केली, संकटात सापडलेल्या या दोन जिवांसाठी म्हणे, आणि तीही चर्चमधल्या वरच्या पट्टीत. मी ओरडले, अहो, देव जवळच आहे, हळू बोला, यांना काम करू द्या.

मला वाटलं जावईबापू आता खालीच बसणार. वडिलांचं वाक्य खरं ठरलं होतं, तेही सासूदेखत. त्यांच्या कपाळावर घाम होता. ओठ जरासे हलले, क्षणभरच. मग कोटाच्या खिशातून त्यांनी स्क्रूड्रायव्हर काढला. चर्चला जाताना हा माणूस बायबलबरोबर स्क्रूड्रायव्हर घेतो! दरवाजाच्या वरची छोटी पेटी उघडली, आत बघितलं आणि मला म्हणाले, "दरवाजाची तार सुटलीय, आई. दरवाजा उघडा आहे असं समजून ती थांबली, ते बरोबरच केलं तिने. तार मी नीट आवळली नव्हती. माझी चूक."

बस, माझी चूक. आवाज चढला नाही की पडला नाही. त्या दोन शब्दांना भिऊन हा माणूस आजवर जिने चढत आला होता. ते म्हटले आणि छत काही कोसळलं नाही. त्यांनी तार बसवली, आवळली, पेटी बंद केली.

मी त्यांची बाही धरली आणि म्हटलं, "एकदा परत बघा हो."

"बघितलं, आई," ते म्हणाले आणि बटण दाबलं.

चर्चमध्ये आम्ही पोचलो तेव्हा मुलं पुढे उभी राहिली होती. नातीने मागे वळून मला पाहिलं आणि मगच पुढे तोंड केलं. तिचा 'हो' मला शेवटच्या बाकावर नीट ऐकू आला. मग मला काही दिसेनासं झालं, चष्मा पुसायला मुलीचा पदर घ्यावा लागला.

शेवटच्या प्रार्थनेआधी पाळकसाहेबांना आमची आठवण झाली. एवढ्या दिवसांनी आजीबाई आपल्यात आल्यात म्हणाले, आणि हे घडलं ते आपल्या एका बंधूच्या अढळ विश्वासामुळे, ज्याच्या मनाला भीती शिवली नाही. सगळ्या माना वळल्या. सेक्रेटरी तर अशी मान हलवत होते, जणू दोर त्यांनीच धरला होता.

जावईबापू चर्चमध्ये गाण्यापलीकडे कधी तोंड उघडत नाहीत. ते उभे राहिले.

"अढळ नाही, साहेब," ते म्हणाले. "सबंध वेळ मी घाबरलेला होतो. आणि एक तार माझ्याकडून ढिली राहिली होती. आम्ही मध्येच अडकलो होतो."

पाळकसाहेब पुस्तकाची पानं चाळायला लागले, सेक्रेटरी छताकडे बघायला लागले. कुणीच काही म्हणेना, तेव्हा आमेन मी म्हटलं, चांगलं मोठ्याने.