किती दिवसांची माफी

तुरुंगात माफी दिवसांत मोजतात. नीट वागलं, नेमून दिलेलं काम केलं, कुणाशी हाणामारी केली नाही, की शिक्षेतले काही दिवस कमी होतात. त्यालाच आत माफी म्हणतात. "तुझी किती झाली?" असं एकानं विचारलं की दुसरा बोटांवर मोजत हिशेब सांगतो. मी आत गेल्यावर पहिल्या आठवड्यातच हे शिकलो आणि त्या शब्दाला दुसराही अर्थ असतो हे पार विसरून गेलो.

मी पोलादपूर तालुक्यातला, कुडपणचा. डोंगरावरचं पठार, थोडं भात, थोडी नाचणी आणि म्हशी. राग हे आमच्या घराण्याचं वतन. जमीन वाटता वाटता कमी होत गेली, राग मात्र प्रत्येकाच्या वाट्याला पुरेपूर आला. एका वर्षी चुलतभावाच्या म्हशींनी माझी लावणीला आलेली भाताची रोपं खाल्ली. हा चुलतभाऊ माझ्याहून चार वर्षांनी मोठा, आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी त्याला लहानपणापासून दादा म्हणायचो. तरातरा त्याच्या अंगणात गेलो तेव्हा कोयता हातातच होता. तो म्हणाला, "तुजं कुंपन तू नीट घाल." एवढंच. एवढ्यावर माझा हात उठला. त्यानं डावा हात आडवा घातला म्हणून त्याची मान वाचली. जखम पुढे भरली, पण त्या हाताची मूठ पुन्हा कधी वळली नाही. मला सात वर्षांची शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी कोर्टात मी त्याच्याकडे डोळे वटारून बघत होतो, जणू हात माझाच गेला होता.

घाटावरच्या मोठ्या तुरुंगात मला दोन वर्षं होऊन गेली होती, तेव्हा दर रविवारी एक ख्रिस्ती पाळक यायला लागले. बारीक अंगाचे, पिकल्या केसांचे. एका हातात बायबल, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. पहिल्या रविवारी आम्ही सात-आठ जण बसलो, त्यातले निम्मे पंख्यासाठी. ते क्षमेवर बोलायला लागले. मागून कुणीतरी विचारलं, "साहेब, क्षमा म्हणजे काय ओ?"

"माफी," ते म्हणाले.

झालं. पेंगणारे ताठ बसले.

"किती दिवसांची?"

"सगळ्याच दिवसांची!" पाळक खुलले. त्यांना वाटलं, प्रश्न अध्यात्माचा आहे.

"काम काय करावं लागेल?"

"काहीच नाही. काम करून ती मिळतच नाही. प्रभू येशूजवळ मनापासून मागायची. तो कुणाला नाही म्हणत नाही."

पुढच्या रविवारी बसायला जागा नव्हती. जन्मठेपवाले पहिल्या रांगेत. एकानं तर आपला कैदी नंबर चिठ्ठीवर लिहून आणला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला. चिठ्ठी वाचून पाळकांचा चेहरा उतरला. शिक्षा कमी करणं माझ्या हातात नाही, असं त्यांनी परोपरीनं समजावलं. माणसं एकेक करून उठली. चिठ्ठीवाला सगळ्यात शेवटी उठला आणि चिठ्ठी परत मागून घेऊन गेला.

तिसऱ्या रविवारी मी एकटा गेलो. भक्तीनं नव्हे, भांडायला.

"आशा लावून माणसांना फसवता?" मी म्हणालो. "त्या चिठ्ठीवाल्याची आई आजारी आहे. आठवडाभर तो सुटकेची स्वप्नं बघत होता."

मला वाटलं, आता प्रवचन होणार. पाळकांनी पुस्तक मिटलं. "तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. "इथं त्या शब्दाचा काय अर्थ होतो हे मी आधी विचारायला हवं होतं. त्यांची मागेनच. तुमचीही मागतो. मला माफ करा."

माफ करा. आत आम्हाला सगळे 'ए' नाहीतर 'चल रे' म्हणायचे. या माणसानं मला, एका कोयतेवाल्याला, 'करा' म्हटलं, आणि तेही स्वतःची चूक पदरात घेऊन. असं वाक्य मी दादाला मनातल्या मनातसुद्धा म्हटलं नव्हतं. मला रडू आलं, रडण्याची लाज वाटली आणि त्या लाजेचाही राग आला. राग आमचा असा, कशावरही येतो. पाळकांनी आपली पाण्याची बाटली माझ्यापुढे सरकवली.

मग मी दर रविवारी बसायला लागलो. पुष्कळ रविवारांनंतर एकदा त्यांना सगळं सांगितलं. हेही सांगितलं की त्यानं हात आडवा घातला नसता तरी मी थांबलो नसतो. ते ऐकूनही ते उठून गेले नाहीत. त्या दिवशी मी मागितली ती माफी, बिनदिवसांची. मिळाली हे कसं कळलं, ते मला धड सांगता येणार नाही. दार तेच, कुलूप तेच, डाळीतलं पाणी तेवढंच. पण आत आल्यापासून रोज दादाला दोष देत उठणारा मी, दुसऱ्या दिवशी कुणालाही दोष न देता उठलो. अंग हलकं लागत होतं. सुटलो, असंच वाटलं.

"आता भावाची मागा," पाळक म्हणाले. "तो देईल न देईल, ते त्याचं. तुम्ही मागा."

दादाला थेट लिहायची हिंमत झाली नाही, म्हणून आईला पत्र लिहिलं. तेव्हा गावात फोन धड लागायचा नाही. वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'आई, मला माफी मिळाली. सगळीच्या सगळी.' खाली पानभर येशूबद्दल, आणि शेवटी दादाबद्दल. लिहिताना डोळे भरून आले होते. डोकं मात्र वापरायचं राहिलं.

आईला वाचता येत नाही. शेजारचा एक मुंबईकर रजा संपवून निघाला होता. त्यानं खांद्यावरची बॅग न उतरवता वरच्या दोन ओळी वाचल्या. "काकी, एकदम फर्स्ट क्लास! फुल माफी मिली त्याला!" असं ओरडून तो एसटी पकडायला पळाला.

आईनं घर सारवलं. ठेवणीतलं लुगडं नेसली, भाकऱ्या बांधून घेतल्या आणि खाली पोलादपूरच्या स्टँडवर येऊन बसली. घाट उतरून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या दाराशी जायची. संध्याकाळी भाकऱ्या परत घरी. दुसऱ्या दिवशी तेच. हे मला तिनंच नंतर सांगितलं, तेही हसत. मला अजून हसू येत नाही.

तिसऱ्या दिवशी दादा म्हशीचं औषध न्यायला पोलादपुरात आला होता. भिंतीला भिंत असून त्या तीन वर्षांत दोन घरांत एक शब्द नव्हता. तो तिच्यापुढून दोनदा गेला आणि तिसऱ्यांदा थांबला.

"काकी, तीन दिस हितं काय करतेस?"

आई म्हणाली, "तुजा भाव यायचा हाय. माफी मिळाली त्याला. फुल."

दादानं कागद मागितला. फाडील की काय, असं तिच्या मनात आलं, तरी तिनं कनवटीचं पत्र काढून दिलं. त्यानं डाव्या निकामी हातानं ते गुडघ्यावर दाबून धरलं आणि शेवटपर्यंत वाचलं. पुन्हा वरपासून वाचलं. मग एका हातानं घडी घालत बसला.

"काकी, ह्यो आज येनार नाय. ही माफी तुरुंगाची नाय. देवाची हाय."

"मंग सुटायचा कवा?"

"येळ हाय अजून."

आईनं विचारलं, "तुज्याबद्दल काय लिवलंय का?"

"लिवलंय," दादा म्हणाला. त्यानं घडी घातलेलं पत्र तिच्या हातात दिलं. मग म्हणाला, "ती भाकरी काढ. भूक लागली मला."

माझ्यासाठी बांधलेली भाकरी त्यानं तिथं स्टँडवर बसून खाल्ली. मग दोघं एकाच एसटीनं घरी गेले.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पुढच्या महिन्यात शिपाई सांगत आला, "तुझा भाऊ आलाय भेटायला." मी म्हणालो, "मला भाऊ नाही, दुसऱ्या कुणाचा असेल." तरी गेलो. जाळीपलीकडे आई होती आणि तिच्या मागे दादा. माझी नजर आधी त्याच्या हाताकडे गेली.

तो आल्या आल्या सुरू झाला. "लिवायचं तर नीट लिवावं रे! म्हातारी तीन दिस स्टँडवर बसली. माफी मिळाली म्हनल्यावर मानूस सुटला असंच वाटंल ना कुनालापन? अक्कल हाय का नाय?"

कितीतरी दिवसांत मला कुणी असं हक्कानं फैलावर घेतलं नव्हतं. ऐकून कान निवले.

"दादा, चुकलं."

"कंचं? पत्राचं का हाताचं?"

"दोन्ही."

त्यानं डावा हात जाळीला टेकवला. "पत्राचं आज सोडतो," तो म्हणाला. "हाताचं घरी ये, मंग बगू."

त्या 'बगू'वर मी उरलेली वर्षं काढली. तुरुंगातली माफीही रीतीप्रमाणे मिळत गेली आणि मी थोडा आधी सुटलो. या वेळी पत्र लिहिलं नाही, गपचूप येऊन आईपुढे उभा राहिलो. पहाटे उठून प्रार्थना करतो हे बघून तिनं एकच विचारलं, "तुजा देव बोकड मागतो का?" मी नाही म्हणालो. "मंग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. आमच्या घरी धर्माची चर्चा एवढीच झाली. पाळकांचे आभार मी रोज मानतो, आणि त्या मुंबईकराचेही. त्यानं सगळं पत्र वाचलं असतं तर आई स्टँडवर बसलीच नसती.

हाताचं मात्र दादा काही काढेना. मीही धास्तीनं विचारीना. भातकापणी आली. भात कापायला दोन हात लागतात, एकानं मूठ धरायची आणि दुसऱ्यानं विळा ओढायचा. इतकी वर्षं वहिनी मूठ धरायची आणि दादा कापायचा. एका सकाळी मी न विचारता त्याच्या शेतात गेलो, त्याच्या डाव्या अंगाला उकिडवा बसलो आणि भाताची मूठ धरली. वहिनी कंबर धरून उठली आणि बांधावर जाऊन बसली. दादा विळा घेऊन तसाच थांबला. माझी बोटं त्या पात्यापासून वीतभरही लांब नव्हती. खोटं कशाला बोलू, मी डोळे मिटून घेतले.

सर्रकन आवाज झाला आणि मूठ माझ्या हातात आली. दुसरी आली, तिसरी आली. अर्धा वाफा झाल्यावर मला राहवेना.

"दादा, हाताचं बघू म्हणाला होतास."

"बगतोय की," विळा न थांबवता तो म्हणाला. "बोटं वर घे. कापतील रे."

मी बोटं वर घेतली.