निरगुडी आणि चांदी

फ्लास्क खिडकीपाशी धरायचा, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचं, “मामा, रंगावर जाऊ नका. प्लेट बघू.” आमच्या मॅडमची ही रोजची तऱ्हा. उल्हासनगरच्या कॉलेजात त्या केमिस्ट्री शिकवायच्या, मी लॅब अटेंडंट. निरगुडीच्या काढ्यात चांदीचा क्षार घातला की पिवळं पाणी चहासारखं तपकिरी व्हायचं. त्यात चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि ते जंतू मारतात, हे त्यांना प्लेटवर, म्हणजे जंतू वाढवलेल्या काचेच्या बशीत, सिद्ध करायचं होतं. मी मात्र रंगावरच खूश. आपली अक्कल तेवढीच.

पाला त्यांची आई तोडून द्यायची, बदलापुरात बेलवलीच्या घरामागचा. आईला डायबेटिस आणि पायाला न भरणारी जखम. “कॉलेजातले जंतू मारतेस, घरातले कोण मारणार गं?” असं आई विचारते, हे मॅडमच हसत सांगायच्या. “माणसाला लावायचं औषध नाही ते अजून,” हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

मग डॉक्टर म्हणाले, पाय कापावा लागेल. मॅडमचं हसू गेलं. जखमेतले जंतू त्यांनी तपासणीच्या लॅबमधून मागून आणले, प्लेटवर वाढवले आणि मधोमध आमचं तपकिरी पाणी सोडलं. दुसऱ्या दिवशी त्याभोवती स्वच्छ गोल पडला होता. तेवढ्या जागेत जंतू नव्हते. मॅडम उभ्याउभ्याच रडल्या आणि त्यांनी त्या पाण्याची बाटली पर्समध्ये टाकली.

“आज लावतेच, मामा. उद्या ऑपरेशन आहे. दुसरं काय उरलंय माझ्या हातात?”

कण तीन वेळा धुवायचे असतात, म्हणजे उरलेला क्षार निघून जातो. नाहीतर जंतू नुसत्या क्षारानेही मरतात आणि गोल फसवा पडतो. धुण्याचं काम माझं. ते लोडशेडिंगचे दिवस होते. कण खाली बसवणारं फिरतं मशीन मध्येच बंद पडलं, मला घरी जायची घाई होती.

“मॅडम, एकदाच धुतलंय.”

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी बाटली काढून टेबलावर ठेवली. “मग हा गोल आपला नाही, मामा.” पुन्हा धुऊन पुन्हा प्लेट लावायला दोन दिवस लागले असते.

पाय गेला. त्यानंतर मॅडम एकदाच आल्या, पेपरात गुंडाळलेला पाला घेऊन. “आईने बसल्याबसल्या तोडलाय. ठेवा, येते मी सोमवारी.” त्याच आठवड्यात आई गेली. मॅडम पुन्हा कॉलेजात आल्याच नाहीत.

त्या पाल्याचा काढा मी केला. कण तीन वेळा धुतले, बाटली भरून खिडकीत ठेवली. रंग फार सुंदर आला होता. प्लेट बघायला कोणी नव्हतं.