अकरा मिलिमीटर

फोन आला तेव्हा मी इंदुरात पलासियाला बँकेत बसलो होतो, राहून गेलेला हयातीचा दाखला द्यायला. मनीष होता, विनायकरावांचा मुलगा. "काका, बाबा गेले. चहा घेतला, म्हणाले जरा पडतो, आणि..." पुढचं त्याला बोलवेना. मी "निघालोच" म्हणालो, फोन खिशात टाकला, आणि सगळ्यात आधी माझ्या मनात काय यावं? की आता दर रविवारी जायला नको. माणूस जाऊन तास झाला नव्हता आणि सुट्टी परत मिळाल्याचं मला बरं वाटलं. त्याला आता दीड महिना झाला. विनायकराव किती दिलदार होते, किती कष्टाळू होते, हे सांगणारे पुष्कळ भेटतील आणि ते खरंच सांगतील. मला सांगायचंय ते वेगळं आहे, आणि बरेच दिवस ते फक्त मलाच ठाऊक होतं.

विनायकराव माझे साडू. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, थोरली त्यांची, धाकटी माझी. ते इंदूरच्या एका कापड गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर बरोबरीचे लोक मिळेल त्या नोकरीला लागले, आणि या गृहस्थांनी महूला लष्कराच्या लिलावात जाऊन एक जुना ट्रक घेतला. तोही पेट्रोलवर चालणारा. सगळ्यांनी वेड्यात काढलं. डिझेलचं इंजिन बसवून घ्या, असं मीही सांगून पाहिलं. "दुसऱ्याचं इंजिन टाकलं, मग हा ट्रक माझा कुठे राहिला, सुहासराव?" म्हणाले. त्या ट्रकने इंदुरातल्या कितीतरी मराठी घरांचं सामान हलवलं. आम्ही राजेंद्र नगरला राहायला आलो तेव्हा आमचंही. कपाटाच्या आरशाला त्यांनी स्वतःची रजई गुंडाळली होती. आरसा शाबूत पोचला, रजई फाटली, आणि त्यावरून माझ्या मेव्हणीने त्यांना पुढे वर्षभर सुनावलं. ते नुसते हसायचे.

मेव्हणी गेली आणि घर शांत झालं. ट्रक तर त्याआधीच परदेशीपुऱ्यातल्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये उभा होता. मनीषला ती जागा मोकळी हवी होती आणि त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. भंगारवाला येऊन ट्रक बघूनही गेला. तेवढ्यात महूचे एक निवृत्त सुभेदार भेटले, लष्कराच्या जुन्या गाड्या सांभाळणारे. ते म्हणाले, गाडी आपल्या पायांनी महूपर्यंत आली तर ठेवून घेतो, ओढून आणणार असाल तर नको. झालं. विनायकरावांनी मनीषकडून उन्हाळ्यापुरती मुदत मागून घेतली आणि मला फोन केला. "सुहासराव, रविवारी काय करून राहिले? या ना इकडे. मोतीबिंदूने बारीक काही दिसत नाही मला. तुमचे डोळे पाहिजेत, बाकी मी बघतो."

ट्रक सुरू व्हायचा, काळा धूर ओकायचा आणि बंद पडायचा. कार्ब्युरेटरमधून, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेत बेताचं पेट्रोल मिसळणाऱ्या त्या धातूच्या डबीतून, पेट्रोल ठिबकायचं. ट्रकबरोबर आलेल्या लष्करी पुस्तिकेत दोन जातींचे कार्ब्युरेटर दिले होते. आपला कुठला, हेच आधी ठरेना, कारण त्यावरची जात लिहिलेली पितळी पट्टी केव्हाच गळून पडली होती. सियागंजातल्या दुकानदाराने एक कार्ब्युरेटर काढून दिला. "भिया, यही है, आँख बंद करके लगा लो." बोल्टची भोकं तंतोतंत जुळली. विनायकरावांनी त्याच्या घशात बोट घालून बघितलं आणि परत दिला. "बसेल, पण चालणार नाही. घसा मोठा आहे याचा." मग आमचाच कार्ब्युरेटर रॉकेलने धुतला, अंगावर खडू घासला, तशी ओतीव अक्षरं वर आली. ती मी वाचायची, त्यांनी पुस्तिकेत बोट ठेवून मला पुन्हा वाचायला लावायची... तीन रविवार यात गेले. अखेर ठरलं की आपला पहिल्या जातीचा. बदलायचा नाही, दुरुस्त करायचा.

हे सगळं वाचायला गमतीचं वाटेल. मी मात्र थकून जायचो. राजेंद्र नगरहून ते गाव ओलांडून जाणं, पत्र्याखालचा तो उकाडा, आणि सत्तरी उलटलेला माणूस एकेका स्क्रूला अर्धा अर्धा तास लावणार. आतल्या पितळी फ्लोटला, म्हणजे पेट्रोलवर तरंगणाऱ्या पोकळ डबीला, बारीक चीर होती. ती त्यांनी गरम पाण्यात बुडवून बुडबुड्यांवरून शोधली आणि थरथरत्या हाताने इतकी सुरेख डागली की बोटाला सांधा लागेना. राहिलं फक्त माप. कार्ब्युरेटरचं झाकण उलटं धरायचं, झाकणापासून फ्लोटपर्यंतचं अंतर मोजायचं. पुस्तिकेप्रमाणे अकरा मिलिमीटर. कमी पडलं तर पेट्रोल ओसंडणार.

गिरणीच्या फिटरखात्यातली त्यांची एक रीत होती. मोजणाऱ्याने माप मोठ्याने सांगायचं, पाना धरणाऱ्याने ते मोठ्याने परत म्हणायचं, आणि एकदा असं बोलून झालं की त्या मापावर कुणी शंका घ्यायची नाही. त्या दुपारी माझं डोकं दुखत होतं, चष्म्यावर घामाचे थेंब पडत होते. मोजपट्टी मी फ्लोटपाशी नेली, पण लावली नाही. नजरेने ठीक दिसत होतं. मी म्हणालो, "अकरा." त्यांनी म्हटलं, "अकरा," आणि झाकण बंद केलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं मुलांना मी बजावत आलो की मोजल्याशिवाय आकडा लिहायचा नाही.

ट्रक सुरू झाला, धूर ओकला आणि बंद पडला. पेट्रोल पुन्हा ठिबकू लागलं. पुढच्या रविवारी त्यांनी डाग उकलून नवा दिला. त्याच्या पुढच्या रविवारी पेट्रोल अडवणारी सुई बदलली. सगळं उघडून पाहिलं, मापाला तेवढा हात लावला नाही. ते तर बोलून झालं होतं ना! मला संशय आला होता. कसला संशय, कळलंच होतं. पण आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो आणि जितके दिवस गेले तितकं ते तोंडातून निघणं अवघड होत गेलं. एकदा त्यांनी सरळ विचारलं, "अकराच होतं ना?" मी "हो" म्हणालो. त्यांनी मान डोलावली. माझ्यावर अविश्वास दाखवायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

मग एका रविवारी ते पायरीवर बसून राहिले, शेडकडे फिरकलेच नाहीत. तळवे उलटे सुलटे करून बघत होते. "हात गेला माझा, सुहासराव. इतकी वर्षं याच्यावर घर चाललं. आता ऐकत नाही." मनीषला हाक मारून म्हणाले, "त्या भंगारवाल्याला सांगून टाक, येऊ दे." मी समोर होतो. एक वाक्य बोलायचं होतं... नाही बोललो. चहा प्यालो आणि घरी आलो. त्यानंतरही रविवारी मी जाऊन नुसता पायरीवर बसायचो; तीन आठवड्यांनी ते गेले. हात गेला, असं मनाशी धरून गेले.

भंगारवाल्याचं येणं लांबलं होतं; तेराव्यानंतर चारच दिवसांनी तो यायचा होता. आदल्या सकाळी मी न सांगता जाऊन थडकलो आणि मनीषला म्हणालो, मला दोन तास दे. झाकण उघडलं, उलटं धरलं, या वेळी पट्टी नीट लावली. सात. चार मिलिमीटरचा फरक, म्हणजे आंधळ्यालाही दिसावा इतका. पक्कडीने फ्लोटची सुईला टेकणारी जीभ हलके हलके वाकवली, अकरा आल्यावर आणखी दोनदा मोजलं आणि झाकण बसवलं. मनीषने नवी बॅटरी जोडून चावी फिरवली. इंजिन दोनदा खोकलं, थोडा धूर आला, मग तो विरत गेला आणि इंजिन एका लयीत चालू लागलं. कार्ब्युरेटर बाहेरून कोरडा ठणठणीत होता, म्हणजे विनायकरावांनी दिलेला डाग पक्का होता. मनीष माझ्याकडे बघतच राहिला. "काका, काय केलं तुम्ही?" मी सांगितलं. सगळं सांगितलं, तो "हो" सुद्धा.

त्याने कार्ब्युरेटरखाली बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाला, "मतलब, बाबांचा हात ठीक होता?"

"ठीक होता. चूक माझी होती."

"जीते जी सांगायचं होतं ना, काका, त्यांना." आवाज चढला नाही त्याचा. चढला असता तर बरं झालं असतं. त्याने पुण्याला बहिणीला फोन लावला, इंजिनाजवळ धरला आणि ओरडून म्हणाला, "ताई, ऐक! बाबांचा ट्रक! बाबांचा हात नव्हता गेला!" पलीकडून ती काहीतरी विचारत असावी, कारण त्याने माझ्याकडे पाहिलं आणि फोन पुढे केला. "कसं काय, ते तुम्हीच सांगा तिला."

मी फोन घेतला. इंजिनाचा तो आवाज चालू असताना बोलणं सोपं होतं. मी एका दमात म्हणून टाकलं, की माप मी घेतलंच नव्हतं, खोटं सांगितलं होतं. पलीकडून स्मिताचा आवाज आला, "काका, काही ऐकू येत नाहीये. इंजिन बंद करायला सांगा ना त्याला." मनीषने चावी फिरवली. शेडमध्ये एकदम शांत झालं. "हां, आता बोला," ती म्हणाली, आणि मला ते पुन्हा म्हणावं लागलं.