सभागृहाच्या दारातल्या चपला

वडील लष्करात जवान होते. दिल्ली कॅन्टोन्मेंटमधल्या एका खोलीत आम्ही सगळे राहायचो. माझा स्वेटर म्हणजे आधी दोन भावांनी वापरून उरलेला. रविवारी बाबा आम्हाला इंडिया गेटला न्यायचे, कारण तिथे तिकीट नसतं. बसमधून संसद दिसायची. मी विचारायचे, "बाबा, आत काय असतं?"

"आपल्याला काय करायचंय!" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी अभिमानाने सांगते. परीक्षा देऊन त्याच इमारतीत नोकरीला लागले, आणि काही वर्षांनी माझ्याकडे नेमकं हे काम आलं: लोकांना संसद आतून दाखवायची.

संसद म्हणजे म्युझियम नव्हे. अधिवेशन नसलं तरी खासदारांच्या छोट्या गटांच्या, म्हणजे कमिट्यांच्या, बैठका चालू असतात. म्हणून टूरचा रस्ता वन-वे आखला होता. सभागृहात एका दाराने शिरायचं, पलीकडच्या दाराने निघायचं, मागे वळायचं नाही. दोन गट समोरासमोर आले की सिक्युरिटीला माणसं मोजता येत नाहीत.

पहिल्या ट्रायलला मी मयूर विहारच्या आमच्या सोसायटीतले ज्येष्ठ नागरिक नेले. दाराशी थांबवून माहिती सांगितली, आत नेलं, कोण कुठे बसतं ते दाखवलं, पलीकडून बाहेर काढलं. बाहेर फरशी तापलेली. लगेच साठे काकूंची हाक आली.

"अगं रेखा, आमच्या चपला?"

खाली पाहिलं. सगळे अनवाणी!

चपला पहिल्या दाराशीच राहिल्या होत्या. तिथे सिक्युरिटीचे राठी साहेब त्या ढिगाभोवती दोरी लावून उभे. त्यांच्या नियमात बिनमालकाची वस्तू म्हणजे संशयास्पद वस्तू. त्यांचा कुत्रा काकूंची कोल्हापुरी मन लावून हुंगत होता.

"मॅडम, ये क्या है?"

"चप्पल है, सर."

"वो तो मुझे भी दिख रहा है."

माझे बॉस, वर्मा साहेब, एवढंच म्हणाले, "एक ट्रायल और. फिर ऐसा हुआ, तो अगले साल देखेंगे." सरकारी ऑफिसात 'अगले साल'चा अर्थ सगळ्यांना कळतो. टूर सुरू होण्याआधीच बंद.

संध्याकाळी मी काकूंकडे गेले. "काकू, चपला काढायला कोणी सांगितलं होतं?"

"सांगायला कशाला हवं? एवढं मोठं दार, आत गालिचा."

"हेच सभागृह टीव्हीवर बघून तुम्ही रोज शिव्या घालता की!"

"त्यांना घालते. जागेला नाही."



दुसऱ्या ट्रायलला मंडळी तीच, पण गट तीन केले. दाराशी मोठी पाटी लावली: चपला-बूट घालूनच आत या. पहिल्या गटाला मी ती मोठ्याने वाचूनही दाखवली. सगळ्यांनी बिल्कुल, बिल्कुल म्हणत माना डोलावल्या, आणि माना डोलावता डोलावताच अर्ध्यांनी चपला काढल्या. राठी साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. वर्मा साहेबांनी छताकडे. चपला परत घालायला लावून मी तो गट पलीकडे पोचवला.

दुसरा गट बाहेरच्या गॅलरीतून दाराच्या जवळ येतो तोच शेजारच्या खोलीतली कमिटीची बैठक सुटली. खासदार बाहेर पडायला लागले. राठी साहेब ओरडले, "मॅडम, गॅलरी खाली कीजिए. चलो, चलो!"

दाराशी थांबायला वेळच नव्हता. मी बोलत बोलत तशीच आत शिरले. गट माझ्यामागे. आत पोचल्यावर सवयीने खाली पाहिलं. एकूण एक पायात चप्पल!

हे कसं झालं? त्यांनी पाटी वाचलीसुद्धा नव्हती. मग फरक कुठला? फरक एवढाच, की या गटाला मी दाराशी उभं केलं नव्हतं. आपल्याकडे माणूस मोठ्या दाराशी, काही न करता, उभा राहिला की पाय आपोआप चपलेतून बाहेर येतो. एकाने काढली की बाकीचे काढतात. म्हणजे चपला आम्हीच काढायला लावत होतो.

मी वर्मा साहेबांना हे सांगितलं.

"तो क्या, लोगों को दौड़ाएँ?"

दौडवायचं नाही, फक्त थांबवायचं नाही, मी म्हटलं. दाराशी द्यायची माहिती आत देऊ.

तिसऱ्या गटात काकू होत्या. मला धाकधूक त्यांचीच होती. मी चालत राहिले, बोलत राहिले. काकू दाराशी जरा रेंगाळल्या. मग वाकून उंबरठ्याला हात लावला, तो कपाळाला लावला आणि चप्पल घालून आत आल्या.

"ये चलेगा," राठी साहेब म्हणाले आणि दोरी गुंडाळायला लागले.

पाटी आम्ही काढून टाकली. त्यानंतर नव्या गाइडना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवत आले: लोक सूचना ऐकत नाहीत म्हणून वैतागण्याआधी, आपण त्यांना कुठे उभं केलंय ते बघा.

टूरला मंजुरी मिळाली आणि लोक सभागृह आतून बघू लागले.