टोपणावरचं कुंकू

संस्थान होतं तेव्हा तिघऱ्याच्या तलावावर सरकारी बोट होती आणि मी तिथे कारकून होतो. बोटीच्या विलायती मोटरीला आमचे मिस्त्री बाईसाहेब म्हणत. ती खोकली की माझ्याकडे असं बघत, जणू मीच तिला काही बोललो.

दसऱ्याला पाहुणे यायचे होते, म्हणून आम्ही दोघे सकाळीच बोट तपासायला निघालो. भर पाण्यात मोटर बंद पडली. मिस्त्रींनी पेट्रोलची नळी फुंकली, जाळी धुतली. ती जरा चालायची, पुन्हा गप्प.

"टाकी भरलेली, तरी बिचारी भुकेली," ते पुटपुटले आणि त्यांनी टाकीचं टोपण सैल केलं. श्वास ओढावा तशी हवा आत गेली. टोपणावरचं हवेचं बारीक भोक वाळलेल्या कुंकवाने बुजलं होतं; हवा आत शिरल्याशिवाय पेट्रोल खाली उतरत नाही. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मिस्त्रींनीच तिची पूजा केली होती.

मला हसू फुटलं. ते हसले नाहीत. टोपीतली सुई काढून त्यांनी भोक मोकळं केलं, हात जोडले. "माफी असावी, बाईसाहेब. पूजा करता करता तुमचं नाकच दाबलं."

आता बोट नाही, मिस्त्रीही नाहीत. पण दसऱ्याला स्कूटरला कुंकू लावताना माझं बोट आधी टोपणावर ते भोक शोधतं.