वैशालीबद्दल विचारलं तेव्हा

हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. आईला तर नाहीच. तुम्हालाच का सांगावंसं वाटतंय — तेही धड कळत नाही.

वैशाली मुरगूडची. कोल्हापुरात एम.एस्सी.ला आम्ही दोघी एकाच बाकावर, हॉस्टेलवर एकाच खोलीत. लॅबमध्ये लेसरचा किरण आरशांवरून नेमका बारीक छिद्रात आणायचा असे. मला तासभर जमायचं नाही. ती यायची, "सर की जरा," म्हणायची, दोन स्क्रू फिरवायची — झालं! माझं निम्मं जर्नल तिच्या जिवावर पुरं झालं.

मग पीएच.डी.साठी मी जर्मनीला गेले. कित्येक शतकं जुनं विद्यापीठ, झिजलेले दगडी जिने, तळघरात आमची लॅब. तिथं मी नुसती धडपडत होते. तरीही — आमच्या कॉलेजातून तिथवर पोचलेली मी एकटीच, याचा मला केवढा तोरा होता!

दुसऱ्या वर्षी आमच्या गटात एक जागा निघाली. वैशालीनं अर्ज केला, मुलाखतही झाली. कॉफी पिताना आमच्या गटाच्या प्रमुख सरांनी मला विचारलं, "तुम्ही दोघी बरोबर शिकलात ना? प्रयोगात कशी आहे ती?"

मी काय म्हणाले? — "हुशार आहे. थिअरी उत्तम. पण हात... जरा कापतात तिचे."

हात माझे कापायचे.

सरांनी मान हलवली, कप विसळला. निवड व्हायला अजून आठवडा होता. त्या आठवड्यात मी तीनदा त्यांच्या खोलीपर्यंत गेले. दार उघडंच होतं. कुणी अडवलं होतं मला? तिन्ही वेळा परत फिरले. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली.

वैशाली आता कोडोलीला ज्युनिअर कॉलेजात शिकवते. मागच्या महिन्यात मी कोल्हापूरला आले, तर तिनं हट्टानं वर्गावर नेलं. पोरींना म्हणाली, "ही माझी मैत्रीण. तिकडं माझ्यासाठी हिनं शब्द टाकलता." पोरींनी टाळ्या वाजवल्या. मी हसले. वर — तासभर बोललेसुद्धा.

परतताना तिच्या स्कूटरवर मागं बसले होते. स्टँड जवळ आल्यावर तिनं विचारलं, "मुलाखत तर बरी झालती गं. मग का न्हाय म्हणाले असतील? तुला काय बोलले न्हाईत?"

"नाही गं," मी म्हणाले. "काहीच नाही."

पहिल्यांदा खोटं बोलले तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते. या वेळी बेचाळीस.