साचा बोलत नाही

राग नाकाच्या शेंड्यावर असला की राजीनामा लिहायला दोन ओळी पुरतात. काकांनी तो मंगळवारी मालकाच्या टेबलावर आपटला. शनिवार त्यांचा शेवटचा दिवस ठरला. चार वर्षांत सोडलेली ही तिसरी नोकरी. काका कवळ्या बनवत. कोपरावर कायम प्लास्टरचा पांढरा डाग, म्हणून बिल्डिंगमधली पोरं त्यांना प्लास्टरकाका म्हणत. हळूहळू मोठी माणसंही तेच म्हणू लागली आणि काकाही त्या हाकेला ओ देऊ लागले.

नवी जागा चालून आली होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला कवळ्यांचा मोठा कारखाना होता, तिथल्या मॅनेजरने शुक्रवारी पाचपर्यंतची मुदत दिली होती. हो म्हणाल तर सोमवारपासून या, नाहीतर पुढचा माणूस तयार आहे. खरं तर हो म्हणायला एक मिनिट पुरलं असतं. पण गुरुवारी संध्याकाळी बायकोने त्यांच्यापुढे एक कार्ड सरकवलं. ती वाचनालयात नोकरीला होती आणि जुन्या नोंदींची कार्डं मागच्या कोऱ्या बाजूसाठी घरी आणायची.

"नोकरीत काय हवंय ते यावर लिहा," ती म्हणाली.

काकांनी अकरा ओळी खरडल्या. बिनखिडकीची खोली नको. आरडाओरडा करणारा मालक नको. नाकात धूळ नको. रविवारी फोन नको. असं करत कार्ड जवळजवळ भरलं.

"अहो, आमच्याकडे रोज एक जण येतो," बायको म्हणाली. "काहीही द्या म्हणतो, फक्त कंटाळवाणं नको. आजवर मला त्याला एक पुस्तक देता आलेलं नाही. हे सगळं काय नको ते झालं. हवं काय?"

"नोकरी हवीय. आणखी काय?"

"ती तर तीनदा मिळाली. पुन्हा ये रे माझ्या मागल्या झालं तर मला सोसायचं नाही."

काका चिडले. कार्ड त्यांनी खिशात कोंबलं.

शुक्रवारी साडेतीनला एक डबी तिसऱ्यांदा परत आली. आत खालची कवळी आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी: बसत नाही. काकांनी ती पेशंटच्या जबड्याच्या प्लास्टरच्या साच्यावर ठेवली. बोटाने हलवली तरी हलेना.

"जाता जाता आमचं नाव घालवून जा," मालक म्हणाला.

"मी स्वतः घेऊन जातो," काका म्हणाले.

सगळ्यांनी माना वर केल्या. एकोणीस वर्षांत काका एकदाही दवाखान्याची पायरी चढले नव्हते. डबी येई, डबी जाई. तोंड डॉक्टरांचं, दात कारागिराचे, अशी वाटणी होती आणि ती कुणी मोडत नसे.

दवाखान्यात खुर्चीवर एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. काकांनी कवळी बसवली. घट्ट बसली. डॉक्टरीणबाईंनी हात उडवले आणि म्हणाल्या, "दरवेळी असंच होतं. इथे बसते, घरी निघते."

"आजी, काहीतरी बोला," काका म्हणाले.

"काय बोलू? आमच्या ह्यांना दिसत नाही. पेपर मीच वाचून दाखवते. तीन आठवडे घरात बातमी नाही की काही नाही. गप्प बसून असतात..."

बोलताना त्यांच्या ओठाची डावी बाजू खाली ओढली जात होती, आणि शेवटच्या वाक्याला कवळी उचलली गेली. काका बघतच राहिले. साचा कधी बोलत नाही. एकोणीस वर्षं ते न बोलणाऱ्या तोंडांसाठी दात घडवत आले होते.

भिंतीवरच्या घड्याळात पाचला वीस कमी होते. डावीकडची कड सुताएवढी घासायला हवी होती. जास्त घासली तर कवळीची पकडच जाणार, आणि मग पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तीन आठवडे. डॉक्टरीणबाईंना विचारून काकांनी त्यांचं घासायचं यंत्र हातात घेतलं. घासायचं, बसवायचं, आजींना बोलायला लावायचं. पहिल्यांदा उचलली गेली. दुसऱ्यांदाही. तेवढ्यात खिशात फोन वाजायला लागला. कारखान्याचाच असणार. आता यंत्र थांबवलं असतं तर हो म्हणून मोकळे झाले असते. त्यांनी थांबवलं नाही.

तिसऱ्यांदा कवळी बसवली तेव्हा आजींनी समोरची पाटी वाचली. "आपला नंबर येईपर्यंत शांत बसावे." मग खालचे नियम वाचले, वेळा वाचल्या, सुट्टीचे दिवस वाचले. कवळी जागची हलली नाही. आजी थांबायला तयार नव्हत्या आणि काकांनी यंत्र जागेवर ठेवलं.

पाचला दोन कमी असताना फोन पुन्हा वाजला.

"काय ठरलं?" मॅनेजरने विचारलं.

"एक विचारायचंय. पेशंटला बघायला मिळेल?"

तिकडे हसू फुटलं. "अहो, महिन्याला चारशे कवळ्या निघतात. दात करायचेत की गप्पा मारायच्यात?"

"दोन्ही," काका म्हणाले. "मग जमायचं नाही. नमस्कार."

फोन त्यांनी खिशात टाकला. शेजारच्या स्टुलावर बसून त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "तुमच्याकडे जागा आहे?" नव्हती. जिथे कारागीर दवाखान्यातच बसतो, असे दोन पत्ते मात्र त्यांनी दिले.

घरी बायकोने सगळं ऐकलं. हातातला पेला तिने खाली ठेवला. "म्हणजे सोमवारी काहीच नाही," ती म्हणाली. तिला भीती वाटत होती आणि ती तिने लपवली नाही.

काकांनी कार्ड काढलं. बिनखिडकीची खोली? चालेल. खोडलं. धूळ? चालेल. आरडाओरडा? त्यावर ते जरा अडखळले, पण तेही खोडलं. अकराच्या अकरा ओळी गेल्या. खाली बोटभर जागा उरली होती, तिथे त्यांनी लिहिलं: ज्याचे दात, तो माणूस समोर हवा.

बायकोने ते दोनदा वाचलं.

"एक पत्ता आठपर्यंत उघडा असतो," काका चाचरत म्हणाले.

तिने घड्याळाकडे पाहिलं. मग कार्ड त्यांच्या शर्टाच्या खिशात घातलं, कोपरावरचं प्लास्टर हाताने झटकलं आणि म्हणाली, "आधी हेच विचारा. पगाराचं मागून."